बाथरूममधलं वायरिंग: कुठे वाचवावं, कुठे नाही

गिझरसाठी नवा पॉइंट काढायला पुण्या-मुंबईत इलेक्ट्रिशियन मजुरीचे साधारण ६०० ते १,५०० रुपये घेतो. भिंत फोडून पाइप दाबायचा असेल तर आणखी. घरात ड्रिल आहे, टेस्टर आहे, वायर कशी जोडायची ते मोबाइलवर दिसतं. मग एवढ्याशा कामाला माणूस कशाला, असं अनेकांना वाटतं. मेन स्विच बंद करून हॉलमधला बिघडलेला स्विच बदलणाऱ्याला मी अडवणार नाही. बाथरूमचं काम मात्र स्वतः करू नका, हे मी हट्टाने सांगेन.

ओल्या अंगाचा विजेला होणारा विरोध खूप कमी असतो. तो १,००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला शरीरातून २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. हृदयाची लय बिघडायला याच्या निम्म्याहून कमी प्रवाह काही सेकंद पुरतो. आता डीबीतला, म्हणजे घरातल्या वीज-वाटपाच्या पेटीतला, १६ अँपिअरचा एमसीबी बघा. २३० मिलिअँपिअर म्हणजे पाव अँपिअरही नाही. तो पडणार नाही, कारण त्याच्या लेखी काही घडलेलंच नसतं. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसासाठी असतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परतला नाही, की तो वीज तोडतो. गळती १५० मिलिअँपिअरच्या वर असेल, तर मानकाप्रमाणे सेकंदाच्या पंचविसाव्या भागात.

आमच्याकडे अर्थिंग आहे, असं लोक खात्रीने सांगतात. आहे, पण कसं? इमारतीच्या अर्थिंगच्या खड्ड्याकडे वर्षानुवर्षं कुणी पाहिलं नसेल आणि त्याचा विरोध २० ओहमवर गेला असेल, तर गिझरची कॉइल फुटून फेज थेट टाकीला लागला तरी अर्थिंगमधून जेमतेम साडेअकरा अँपिअर जातात. १६चा एमसीबी तसाच उभा राहतो आणि गिझरच्या पत्र्यावर करंट टिकून राहतो. जुन्या इमारतींत आणखी एक गोष्ट घडते. तिथे अर्थिंगची वायर कुणीतरी लोखंडी नळाला बांधलेली असते. पुढे बाथरूमचं नूतनीकरण होतं, प्लंबर सीपीव्हीसीचे पाइप टाकतो आणि अर्थिंग तुटतं. दिवे लागतात, पाणी तापतं, म्हणून ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

घरी केलेल्या कामात त्याच त्या चुका दिसतात. सॉकेटमध्ये अर्थिंगची वायर आलेली नसते, म्हणून तिथल्या तिथे न्यूट्रल आणि अर्थिंग एक केलं जातं. मग न्यूट्रल कुठे सैल झाला, की गिझरचं अख्खं अंग फेजला येतं. मला ही चूक सगळ्यांत भयंकर वाटते, कारण टेस्टरला ती दिसत नाही. दुसरी चूक म्हणजे दिव्याच्या पॉइंटवरून गिझरला लाइन घेणं. २,००० वॅटचा गिझर जवळपास ९ अँपिअर घेतो, ३,००० वॅटचा १३. दिव्याच्या एक एमएमच्या वायरीवर रोज हा भार टाकला, की टेपने गुंडाळलेला जोड तापून वितळतो. स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर लागला, तर स्विच बंद असतानाही कॉइलपर्यंत फेज पोहोचलेला असतो. हीटरच्या रॉडसाठी एक्स्टेंशन बोर्ड ओल्या फरशीवर ठेवणं तर कुणीच करू नये.

आता खर्च. दर शहर आणि कंपनीप्रमाणे बदलतात, म्हणून हे आकडे अंदाजाचे समजा. डीबीपासून गिझरपर्यंत १० मीटर अंतर असेल, तर तीन वायरी मिळून ३० मीटर वायर लागते. अडीच एमएमची तांब्याची वायर मीटरला ४० रुपयांच्या आसपास धरली, तर १,२०० रुपये. तीन किलोवॅटच्या गिझरला चार एमएमची घ्या, ती साधारण दीडपट महाग पडते. दाराबाहेर लावायचा २० अँपिअरचा डबल पोल स्विच २५० ते ५०० रुपये, स्वतंत्र एमसीबी २०० ते ३००. आरसीसीबी १,५०० ते २,५००. मजुरी धरून सगळं काम चार-सहा हजारांत बसतं. अर्थिंगचा खड्डा नव्याने करायचा झाला, तर पाच ते बारा हजार. पण हा खर्च सोसायटीचा आहे, तो सभेत मांडा. पैसे कमी पडत असतील तर लहान टाकीचा किंवा साधा गिझर घ्या, पण आयएसआय खुणेचा. आरसीसीबी मात्र वगळू नका.

आरसीसीबी बसवल्यावर तो वारंवार पडतो, अशी तक्रार हमखास येते. काही कारागीर तो सरळ काढून टाकतात किंवा बायपास करतात. तसं करू देऊ नका. बहुतेक वेळा गिझरची कॉइल गळत असते किंवा दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र झालेले असतात. कॉइल बदलायला हजार-दीड हजार रुपये लागतात, आणि ती गळती आजवर कुणाच्या तरी अंगातून जाऊ शकली असती.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार दिवा, पंखा, फ्यूज, स्विच किंवा घरगुती उपकरण आहे तसंच बदलता येतं. वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलणारं काम परवानाधारक विद्युत ठेकेदारानेच करायचं असतं. नवा गिझर पॉइंट दुसऱ्या प्रकारात येतो. म्हणून परवाना दाखवायला सांगा आणि बिल घ्या. चांगल्या माणसाला याचा राग येत नाही.

पैसे देण्याआधी त्याच्याकडून तीन गोष्टी करून घ्या. अर्थिंगचा विरोध मीटरने मोजून आकडा बिलावर लिहायला सांगा. ५ ओहमच्या आत असेल तर उत्तम. स्विच बंद केल्यावर गिझरकडे फेज जात नाही ना, ते दाखवायला सांगा. आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण तुमच्यासमोर दाबायला सांगा. ते बटण पुढे महिन्यातून एकदा तुम्ही स्वतः दाबा. पण ते फक्त आरसीसीबी तपासतं. अर्थिंग अजिबात नसलं तरी तो पडेल, म्हणून अर्थिंग वर्षातून एकदा वेगळं मोजून घ्या, शक्यतो पावसाळ्याआधी, जमीन कोरडी असताना. जमीन ओली असली की आकडा आहे त्यापेक्षा चांगला येतो.