पाठ : चेन किती ताठ असावी?

साक्रीचे एक आबा रोज सकाळी घरोघर दुधाचा रतीब घालतात. मुलाने त्यांना विजेची सायकल घेऊन दिली. तिची मोटर पायडलापाशी आहे. गिअर मागच्या चाकाच्या हबात आहे. बैलगाडीच्या चाकाला जसा तुंबा, तसा सायकलीच्या चाकाला हब.

एके दिवशी आबा धुळे-सुरत रस्ता ओलांडत होते. खट्कन आवाज झाला. चेन उतरली. पायडल रिकामे फिरू लागले. मागून ट्रक येत होता. ट्रकवाल्याने ब्रेक दाबला, म्हणून आबा वाचले. दूध मात्र सांडले.

आबा सायकल ढकलत दुकानी गेले.

“मिस्त्री, मोटर बिघडली का हो?”

“मोटर चांगली आहे, आबा. चेन सैल पडली. साधी सायकल फक्त पाय ओढतात. हिला पायही ओढतात आणि मोटरही. म्हणून कड्यांच्या पिना लवकर झिजतात आणि चेन लांबते. काही गिअरच्या सायकलींना मागे स्प्रिंगचा हात असतो. तो सैल चेन ओढून धरतो. तुमच्या सायकलीला तो नाही. तेव्हा लक्ष तुम्हीच ठेवायचे.”

“मग आवळून टाका तारेसारखी!”

“तसे नको, आबा. फार ताठ केली तर पायडल जड जाते. हबातले छर्रे झिजतात. चेनही लवकर खराब होते. सैल चेन उतरते, ताठ चेन सायकल खाते.”

मग मिस्त्रींनी रीत दाखवली. ती अशी :

१. आधी मोटर बंद करा. बॅटरी काढून ठेवा.

२. दोन दातेरी चाकांच्या मधोमध चेन बोटाने वर-खाली करा. ती सगळी मिळून १ ते १.५ सेंटिमीटर हलावी.

३. पायडल थोडे थोडे फिरवून चार ठिकाणी पाहा. सर्वांत ताठ जागी माप घ्या. पायडल फिरताना बोट चेनजवळ नेऊ नका.

४. सैल असेल तर मागच्या चाकाचे दोन्ही नट ढिले करा. ब्रेकची पट्टी सायकलीच्या दांडीला बांधलेली असेल, तर तिचाही नट ढिला करा.

५. चाक मागे ओढा. ते दोन्ही बाजूंनी सारखे, मधोमध ठेवा. सर्व नट घट्ट आवळा.

६. पुन्हा माप घ्या. चाक सरकले म्हणजे गिअरची तारही ताणते. गिअर आणि ब्रेक तपासूनच रस्त्यावर जा.

काही सायकलींचे चाक मागे सरकत नाही. त्यांची रीत निराळी. ती सायकल दुकानातच न्यावी.

“चेन झिजली, हे कसे कळावे?” आबांनी विचारले.

“पट्टीने मोजा. एका पिनेपासून पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. इंचाचा सोळावा भाग जास्त भरला, की चेन बदला. नाही तर चाकाचे दातेही झिजतात. मग खर्च वाढतो.”

आबा नुकतेच लिहायला शिकले आहेत. घरी येऊन त्यांनी कॅलेंडरवर स्वतःच्या हाताने लिहिले : ‘आज चेन पाहिली.’ आता दर पंधरा दिवसांनी ते असेच लिहितात.

प्रश्न
१. चेन रस्त्यात का उतरली?
२. फार ताठ चेनने काय नुकसान होते?
३. तुमच्या सायकलीची चेन किती हलते? मोजा आणि वहीत लिहा.