तीन बहिणी

मुलांनो, चंद्राला तुम्ही काय म्हणता? चांदोबा, नाहीतर चांदोमामा. गोदावरीच्या काठचे लोक नदीला गोदामाय म्हणतात. जमीन तर आपल्या सर्वांचीच आई. आकाशातला चंद्र आपल्या आईचा भाऊ कसा झाला, असे कोणी विचारत नाही. तो मामा आहे, एवढे आपल्याला पुरते.

आपल्यापासून फार दूर, अमेरिकेतही अशी नाती मानणारे लोक आहेत. त्यांचे नाव होडेनोशोनी. या नावाचा अर्थ 'लांब घर बांधणारे लोक' असा आहे. न्यूयॉर्क हे शहराचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्याच नावाचे एक मोठे राज्यही आहे. त्या राज्यात, उंच इमारतींपासून दूर, तळी आणि जंगले यांच्या प्रदेशात हे लोक राहतात. युरोपातील लोक अमेरिकेत पोचले, त्याच्या कितीतरी आधीपासून ही त्यांची भूमी आहे.

पूर्वी त्यांची घरे खरोखरच लांबलचक असत. लाकडाचा सांगाडा उभारायचा आणि त्यावर झाडाची रुंद साल बसवायची. एका घरात अनेक कुटुंबे राहत. मुलगी लग्नानंतर आईच्या घरीच राही. जावई तिच्या घरी राहायला येई. शेत आणि बियाणे बायकांच्या हाती असे. आजीने राखलेले बियाणे आईकडे येई आणि आईकडून लेकीकडे जाई. घरातली ही सर्वांत मोठी भेट.

हे बियाणे कशाचे होते? मक्याचे, घेवड्याचे आणि भोपळ्याचे. ही तिन्ही पिके होडेनोशोनी लोक एकाच जागी लावतात आणि त्यांना 'तीन बहिणी' म्हणतात.

या बहिणी एकत्र कशा नांदतात, ते पाहा. आधी मातीचे छोटे उंचवटे करतात. त्यांत मका पेरतात. मका वीतभर वाढला, की त्याच्या शेजारी घेवडा आणि भोपळा लावतात. मका ताठ उभा राहतो. घेवड्याच्या वेलाला आधार हवा असतो, तो मक्याचाच हात धरून वर चढतो. निराळा मांडव लागत नाही. घेवड्याच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्या गाठींत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू राहतात. ते हवेतील नायट्रोजन मुळांना मिळवून देतात आणि त्यामुळे जमिनीचा कस टिकतो. भोपळा मात्र वर जात नाही. तो जमिनीवर पसरतो. त्याच्या रुंद पानांची सावली मातीवर पडते, ओल टिकते आणि तणही फारसे माजत नाही. आपल्याकडे ज्वारीच्या शेतात तुरीच्या ओळी असतात ना? तशीच ही युक्ती.

आणखी एक गंमत सांगायला हवी. मका, घेवडा आणि लाल भोपळा ही पिके मूळची अमेरिका खंडातलीच! १४९२ साली कोलंबस तिकडे पोचला. त्यानंतर जहाजांतून ही बियाणी जगभर गेली आणि आपल्या परसातही आली. आज तुमच्या घरी लाल भोपळ्याचे घारगे होतात, तेव्हा त्या तिघींपैकी एक बहीण तुमच्या ताटात असते.

या पिकांना बहिणी का म्हणायचे? होडेनोशोनी आजी-आजोबा त्याची गोष्ट सांगतात. फार फार पूर्वी आकाशातून एक स्त्री खाली आली. खाली सगळीकडे पाणीच पाणी होते. पक्ष्यांनी तिला पंखांवर झेलले आणि एका कासवाने तिला आपल्या पाठीवर जागा दिली. त्या पाठीवरच जमीन तयार झाली. पुढे तिला एक लेक झाली. ती लेक जुळ्या मुलांना जन्म देऊन मरण पावली. तिला मातीत ठेवले, तेथूनच मका, घेवडा आणि भोपळा उगवले. जाता जाता आईने लेकरांच्या पोटाची सोय केली! म्हणून त्या लोकांना जेवणाचा घास नुसता घास वाटत नाही. ती आईने दिलेली भेट असते.

भेट मिळाली, की आपण काय करतो? देणाऱ्याची आठवण ठेवतो. होडेनोशोनी लोक एकत्र जमले, की आधी सृष्टीचे आभार मानतात. एक जण उभा राहून बोलतो. धरणीमाता, पाणी, मासे, वनस्पती, प्राणी, झाडे, पक्षी आणि वारे अशी एकेकाची नावे येतात. मेघांचा गडगडाट म्हणजे त्यांचे आजोबा. सूर्य हा थोरला भाऊ. आणि चंद्र? चंद्र त्यांची आजी. आपला मामा तो त्यांची आजी! प्रत्येक नावानंतर ऐकणारे सगळे मिळून होकार देतात. या बोलण्यात मागणे नसते. पाऊस दे, पीक दे असे कोणी म्हणत नाही. मिळाले त्याबद्दल फक्त आभार. मला हे फार आवडते. ओनोंडागा नावाच्या त्यांच्या एका समाजाच्या शाळेत आठवड्याचा आरंभ आणि शेवट याच आभारांनी होतो.

त्यांच्या या बियाण्यावर एकदा मोठे संकट आले. गनोंडगन हे सेनेका लोकांचे गाव होते. सेनेका हे होडेनोशोनींपैकीच. १६८७ साली, म्हणजे महाराष्ट्रात छत्रपती संभाजी महाराज राज्य करत होते त्या काळात, फ्रेंच फौज त्या गावावर चालून आली. सैनिकांनी शेतातला उभा मका कापून टाकला. साठवलेले धान्यही नष्ट केले. गाव उजाड झाले. पुढे १७७९ साली अमेरिकन फौजेने त्यांची चाळीसहून अधिक गावे जाळली. घर जळले तर पुन्हा बांधता येते. पण बियाणेच संपले तर? तरीही ते संपले नाही. लोकांनी ते जपले, पेरले आणि पुढच्यांच्या हाती दिले.

आज गनोंडगनमध्ये त्याच पांढऱ्या मक्याचे काम चालते. उकळून त्याची साल काढतात, मग टोपलीत घालून तो स्वच्छ धुतात. शरद ऋतूत कणसे सोलायला माणसे जमतात. लहान मुले आणि म्हातारी माणसे शेजारी शेजारी बसतात. कणसांची पाने एकमेकांत गुंफून लांब वेण्या घालतात आणि त्या वाळायला टांगतात. चांगली, भरलेल्या दाण्यांची कणसे मात्र वेगळी काढून ठेवतात. ती पुढच्या पेरणीची असतात.