कृत्रिम कोपर आणि सैल अस्थिबंध

कोपराचा सांधा हाडांच्या खोबणीइतकाच अस्थिबंधांवर, म्हणजे लिगामेंटवर, टिकून असतो. आतल्या बाजूचा अस्थिबंध कोपरापुढचा हात बाहेर फाकू देत नाही. बाहेरच्या बाजूचा त्याला पीळ पडून निसटू देत नाही. आमवातात सांध्याचे अस्तर सुजते, कूर्चा झिजते आणि हे पट्टेही सैल पडतात.

कृत्रिम कोपर मुख्यतः दोन प्रकारचे असते. एकात दंडाचा भाग आणि पुढच्या हाताचा भाग एकमेकांवर नुसते टेकलेले असतात. त्यांना धरून ठेवणारे फक्त रुग्णाचे स्वतःचे अस्थिबंध. दुसऱ्यात दोन्ही भाग बिजागरीने जोडलेले असतात. १९७०च्या दशकातल्या ताठ बिजागऱ्यांत सगळा ताण हाड आणि सिमेंटच्या जोडावर येई आणि सांधा लवकर ढिला होई. म्हणून पुढे कडेला काही अंश डुलू देणारी बिजागरी आली. कोलकात्याचे डॉ. डी. पी. बक्षी यांनी भारतात अशीच बिजागरी घडवली. अस्थिबंध निकामी असले तरी ती निखळत नाही, मात्र ते शाबूत असले तर ताण वाटून घेतात.

हा फरक प्रस्तुत लेखकाच्या घरी फार उशिरा कळला. यवतमाळजवळच्या गावात आयुष्यभर कापूस वेचलेल्या आईला आमवात होता. पंधरा वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरात तिला टेकवणीचा सांधा बसवला गेला. तिसऱ्या महिन्यात चुलीवरचा तवा उतरवताना ‘खट्’ असा आवाज झाला. तवा राखेत पडला आणि हात कोपराखाली वाकडा लोंबू लागला. शल्यविशारदांनी एक्स-रे अर्धा मिनिट पाहिला व म्हणाले, “मावशींनी काळजी घेतली नाही.” आई गप्प राहिली. परतताना एसटीत तिने एवढेच विचारले, “तवा उचलायचा नव्हता का रे?”

दुसऱ्या डॉक्टरांनी जुने कागद मागितले. पहिल्या शस्त्रक्रियेच्या टिपणातच लिहिलेले होते: आतला अस्थिबंध सैल. म्हणजे हे सांधा बसवणाऱ्याला ठाऊक होते, तरीही अस्थिबंधांच्या भरवशावरचाच सांधा बसवला गेला आणि दोष आईच्या माथी मारला गेला. तो कागद घरात तीन महिने पडून होता. इंग्रजीत असल्याने कुणी वाचला नव्हता.

शस्त्रक्रियेआधी म्हणून स्पष्ट विचारावे: सांधा जोडलेला की नुसता टेकलेला? दोन्ही अस्थिबंधांची तपासणी झाली का? शस्त्रक्रियेत ते सैल आढळले तर बिजागरी हाताशी आहे का? सांध्याच्या खोक्यावरच्या स्टिकरची प्रत आणि शस्त्रक्रियेचे टिपण मागून घ्यावे. ‘पुढच्या भेटीत देऊ’ हे उत्तर मानू नये. यवतमाळला १९८९पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दुसरे मत घ्यायला दूर जावे लागत नाही. निखळलेले कोपर हाडवैद्याकडून चोळून घेऊ नये, कारण करंगळीकडे जाणारी नस तिथे अगदी वरच असते. व्यायाम सांगितला तेवढाच करावा. नव्या कोपराने एका वेळी सुमारे पाच किलोहून अधिक आणि वारंवार एक किलोहून अधिक वजन उचलायचे नसते, आणि हे जन्मभर. भरलेली घागर या मर्यादेत बसत नाही.

दुसऱ्या शस्त्रक्रियेत बिजागरी बसली. कोपर पुन्हा निखळले नाही. करंगळी मात्र अजून बधिर आहे.