घाटातली सायकल आणि चाळिशीनंतरचे हृदय

रविवारी पहाटे वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीला जाणारे सायकलस्वारांचे गट आता नवलाईचे राहिलेले नाहीत. त्यांत कॉलेजची मुले असतात, तसेच शिक्षक, बँकेतले कर्मचारी, दुकानदार आणि निवृत्तीला आलेले गृहस्थही असतात. सायकल हा व्यायाम उत्तमच. रक्तदाब, साखर, वजन या तिन्हींना तो उपकारक आहे. मात्र सपाटीवरची सायकल वेगळी आणि घाटातली वेगळी.

वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर, तर पाचगणी सुमारे १३०० मीटरवर आहे. म्हणजे बारा-एक किलोमीटरच्या रस्त्यात ५०० मीटरहून अधिक चढ. सपाट रस्त्यावर पाय थांबले तरी सायकल काही अंतर पुढे जाते. चढावर मात्र स्वतःचे आणि सायकलचे वजन सतत वर न्यावे लागते. ७० किलो वजनाच्या माणसाला एवढ्या चढासाठी ४०० हून अधिक कॅलरी खर्चाव्या लागतात आणि तोवर हृदयाला जोरात काम करावे लागते. विशीतले हृदय हे सहज सोसते. पन्नाशीत हृदयाच्या रक्तवाहिन्या आतून अरुंद झालेल्या असू शकतात आणि घरी बसल्या जागी त्याची जाणीवही होत नाही.

गटात जाताना ईर्षा आड येते. पुढची मुले दिसेनाशी झाली की मागे राहिलेल्याला कमीपणा वाटतो. छातीत भरून आले तरी तो ‘ॲसिडिटी असेल’ म्हणत पायडल मारत राहतो. म्हणून गटाचा वेग सर्वांत मागच्या माणसाने ठरवावा आणि एका अनुभवी स्वाराने कायम शेवटी राहावे. योग्य वेगाची खूण सोपी आहे : शेजाऱ्याशी एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आले पाहिजे. दर दोन शब्दांनी धाप लागत असेल तर गिअर हलका करा किंवा खाली उतरून चाला. त्यात लाज कसली?

छातीवर दाब येणे, वेदना डाव्या हातात किंवा जबड्यात जाणे, थंड घाम, चक्कर, अवाजवी धाप, यांपैकी काहीही झाले तर तिथेच थांबा. रुग्णाला बसवा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. ‘उतारच आहे, हळूहळू जाईन’ असे म्हणून त्याला सायकलवर बसू देऊ नका.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, धूम्रपान करणाऱ्यांनी आणि घरात हृदयविकार असलेल्यांनी घाटाला हात घालण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. झोपून काढलेला कार्डिओग्राम चांगला आला म्हणजे सर्व ठीक, असे नव्हे. डॉक्टरांनी ट्रेडमिलची चाचणी सुचवल्यास टाळू नका.

मधुमेहींनी विशेष जपावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेऊन उपाशीपोटी घाट चढल्यास साखर एकदम घसरते. हात थरथरतात, घाम फुटतो, माणूस असंबद्ध बोलू लागतो. अशा वेळी शुद्धीवर असलेल्यास तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. औषधाचा डोस आधीच डॉक्टरांशी बोलून ठरवा आणि आपल्याला मधुमेह आहे हे सोबत्यांना सांगून ठेवा.

निघण्यापूर्वी केळे किंवा पोळी-गूळ खा. वाटेत थोडे थोडे पाणी प्या. लांबच्या फेरीसाठी एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घ्या. रक्तदाब असणाऱ्यांनी मिठाबाबत आधी डॉक्टरांना विचारावे. उतरताना दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबा. जोरात एकटा पुढचा दाबल्यास माणूस हँडलवरून फेकला जातो. हेल्मेट हवेच.

घाट पुढच्या रविवारीही तिथेच असणार आहे. आज अर्ध्यातून परत फिरलात तरी काही बिघडत नाही.