भुईमूग आणि थकलेली जमीन
(शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी पाठ)

भाजलेले खारे शेंगदाणे आवडत नाहीत असे मूल आपल्या मंडळीत क्वचितच सापडेल. शेंगदाण्याचा विषय निघाला की शब्बाथशाळेत जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचे नावही निघते. परंतु त्यांच्या गोष्टीतील मुख्य भाग बहुधा सांगावयाचा राहून जातो, असे आम्हांस वाटते. तो या पाठात पाहू.

१. जमीन का थकली?

कार्व्हर यांचा जन्म १८६४ च्या सुमारास अमेरिकेतील मिसूरी राज्यात गुलाम आईच्या पोटी झाला. आयोवा येथे शेतकीचे उच्च शिक्षण घेऊन १८९६ साली, बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून, ते आलाबामा राज्यातील टस्कीगी येथे शिक्षक म्हणून आले. आसपासची पुष्कळ कृष्णवर्णीय कुटुंबे दुसऱ्याची जमीन वाट्याने करीत. बियाणे, खत, खाण्याचे धान्य, सारे उधारीवर येई आणि उधारी देणाऱ्यास कापूसच हवा असे. म्हणून त्याच शेतात वर्षानुवर्षे कापूस होई. मातीचा कस गेला, वरचा थर पावसाने वाहून गेला. पीक घटले तसे कर्ज वाढले.

२. कार्व्हर यांनी काय शिकविले?

विकतचे खत घ्या असे सांगणे सोपे होते, पण या कुटुंबांजवळ पैसा कोठे होता? म्हणून कार्व्हर यांनी रानातील पालापाचोळा, दलदलीतील गाळ व शेणखत कुजवून शेतात घालण्यास शिकविले. कापसाची फेरपालट चवळी व भुईमूग या पिकांशी करावी असे सांगितले. थकलेल्या जमिनी सुधारण्याविषयी त्यांनी १९०५ साली एक पत्रिका काढली. १९०६ साली अवजारांनी भरलेली एक गाडी गावोगाव फिरू लागली. ज्यांना शाळेत येणे शक्य नव्हते त्यांच्या बांधावर शाळाच गेली.

यामागील शास्त्र सोपे आहे. हवेत नत्र विपुल आहे, पण पिकास तो तसाच घेता येत नाही. भुईमूग, चवळी यांच्या मुळांवरील गाठींत सूक्ष्म जंतू राहतात. ते हवेतील नत्र पिकास उपयोगी पडेल अशा रूपात आणतात.

३. पिकले ते खपले पाहिजे

१९१० च्या सुमारास बोंड पोखरणारा किडा आलाबामात शिरला व कापूस बुडू लागला. भुईमुगाची गरज आता सर्वांस पटली. १९१६ साली कार्व्हर यांनी भुईमूग कसा पिकवावा आणि त्याचे १०५ पदार्थ कसे करावेत, याची पत्रिका प्रसिद्ध केली. घरच्या शेतातले घरच्या चुलीवर कसे यावे, हे तीत होते. एंटरप्राइज गावाने तर १९१९ साली त्या किड्याचेच स्मारक उभारले, कारण त्याच्यामुळे शेतकरी एका पिकाच्या बंधनातून सुटले!

४. शिक्षकांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात

पहिली : पीनट बटर कार्व्हर यांनी शोधले असे मुलांस सांगू नये, ते त्यांच्या आधीपासून होते. त्यांनी घेतलेल्या तीन पेटंटांतूनही मोठा धंदा उभा राहिला नाही. त्यांचे मोठेपण गरीब कुटुंबाची माती सुधारण्यात आहे. टस्कीगीत ते पुष्कळ वर्षे पवित्र शास्त्राचा वर्गही घेत. १९४३ साली मृत्यू येईपर्यंत ते तेथेच राहिले.

दुसरी : भुईमूग लावला की जमीन आपोआप सुधारते, असे नाही. तो मुळांसकट उपटतात आणि पुष्कळसा नत्र दाण्यांतून निघून जातो. आपल्याकडे त्याचा पाला गुरांस घालतात. ते शेण पुन्हा शेतात गेले तरच जमिनीस तिचा वाटा मिळतो.

मुलांकरिता कृती : चवळीचे किंवा भुईमुगाचे रोप हलकेच उपटून मुळांवरील गाठी दाखवा. एक गाठ कापा. आत गुलाबी रंग दिसला तर ती काम करीत आहे असे समजावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. जमीन स्वतःची नसताना ती सुधारण्याचे कष्ट कोणी का घ्यावेत?
२. उधारीमुळे कुटुंबाच्या शेतीत काय पेरावे हे दुसरा ठरवितो, असे आज आपल्या भागात घडते काय?
३. आपल्या घरातून व मंडळीच्या आवारातून रोज काय काय फेकले जाते, की जे मातीस परत देता येईल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलांकडून फळ्यावर लिहून घ्यावे आणि त्यातील एक गोष्ट त्याच आठवड्यात करावी.