कळणाऱ्या गाण्यांची पंचाईत

गाण्यांबद्दल माझं मत कुणी विचारत नाही. घरात तर मुळीच नाही. पण राहायचं गुडगावात, नोकरी करायची दिल्लीत, आणि जाता-येता कॅब, मेट्रो, ढाबा, शेजारच्या टॉवरमधलं लग्न यांच्याकडून नवीन गाणी कानावर आदळून घ्यायची, म्हटल्यावर मतं साचतातच. ती इथे मोकळी करतेय. शास्त्रीय बैठक वगैरे काही नाही. लहानपणी नाशिकला हार्मोनियमच्या क्लासला जायचे, त्याचा उपयोग आता फक्त नाक मुरडायला होतो.

१. न कळणाऱ्या भाषेतलं गाणं मला पटकन आवडतं, हे ध्यानात यायला बराच वेळ गेला. ए. पी. ढिल्लोंचं 'ब्राउन मुंडे' २०२० मध्ये आलं, तेव्हा माझं पंजाबी लग्नात जेवायला बसण्यापुरतंच होतं. चाल आवडली, आवाजातला तो आळस आवडला, विषय संपला. २०२३ मध्ये कोक स्टुडिओ भारतमधलं आदित्य गढवीचं 'खलासी' आलं. गुजराती सीमेला लागून असलेल्या जिल्ह्यातली मी, पण माझं गुजराती ढोकळ्यापलीकडे गेलेलं नाही. तरी अंगावर काटा आला. मग २०२४ च्या सुरुवातीला संजू राठोडचं 'गुलाबी साडी' आलं आणि माझ्यातली पेपर तपासणारी बाई जागी झाली. मुलगी साडी नेसते, नटते, माझा फोटो काढ म्हणते. बस्स? एवढंच? कवितेचा पत्ता काय? आता गाडी, घड्याळ, बाटली आणि पुन्हा गाडी एवढ्या ऐवजावर चालणाऱ्या पंजाबी गाण्यांना मी 'एवढंच?' असं कधीच विचारलं नव्हतं. आपल्या भाषेतलं गाणं कळतं, इथेच त्याचे मार्क कापायला सुरुवात होते.

२. काही गाणी कानासाठी नसतातच, पाठीच्या कण्यासाठी असतात. हे मला एका कॅबवाल्याने शिकवलं. झज्जरचा गडी, जुनी अर्टिगा, डिकीत वूफर. वूफरची जाळी केव्हाच निघालेली आणि फाटत आलेल्या पडद्याच्या कडेला फेविक्विकचे पांढरे डाग. सिरहौल बॉर्डरच्या जाममध्ये गाडी तासभर मुंगीच्या पावलाने सरकायची आणि हा हरियाणवी गाणी लावायचा. रेणुका पंवारचं '५२ गज का दामन' त्याच्या यादीत पहिलं. प्रत्येक ठोक्याला आरशातला मागचा ट्रक दोन व्हायचा आणि माझ्या डब्याचं झाकण किणकिणायचं. गाणं २०२०चं. बागपतकडच्या त्या मुलीचा आवाज, घेरदार घागऱ्याचा हट्ट, यूट्यूबवर शंभर कोटींच्या वर वेळा पाहिलं गेलेलं. घरी येऊन हेडफोनवर ऐकलं तर अगदीच पातळ लागलं. रोजच्या यलो लाइनवरही तेच. मग कळलं की हे गाणं पूर्ण व्हायला डिकी लागते. अशा गाण्याचं परीक्षण पेपरात छापायचं तर आधी गाडीचं मॉडेल लिहायला हवं.

३. न कळण्याचं सुख फुकट मिळत नाही. पंजाब सरकारने बंदुकांचा उदोउदो करणाऱ्या गाण्यांवर २०२२ मध्ये बंदी घातली. २०२५ मध्ये हरियाणानेही तसली गाणी यूट्यूबवरून उतरवायला लावली, त्यात तिथल्या लाडक्या मासूम शर्माचीही काही होती. बातमी वाचून मी झज्जरवाल्याला विचारलं, यातलं आपल्या गाडीत काय वाजतं? त्याने लगेच दोन लावून दाखवली. दोन्हींवर मी सिरहौलला व्यवस्थित पाय हलवलेला होता. शब्दांत काय चाललंय याची मला गंधवार्ता नव्हती. ठोका तेवढा झकास होता. मराठीत कुणी असं कट्ट्याचं कौतुक गायलं असतं तर मी दुसऱ्या ओळीला कान टवकारले असते. बंदीने काय साधतं याबद्दल मी साशंकच आहे. त्याला म्हटलं, आता हे बंद ना? तर म्हणाला, "मॅडमजी, पेन ड्राइव मैं कुण सी सरकार आवैगी?"

४. 'हल्लीची गाणी सुरू होतात तोवर संपतात' हे वाक्य मी आता बोलायचं सोडलंय. कारण व्यवहार साधा आहे. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं की एक वेळ मोजली जाते. मग पहिला मिनिटभर बासरी घोळवत कोण बसेल? गाणं थेट मुखड्यावर उडी मारतं, दुसरा अंतरा गळतो, आणि रीलला लागणारा तुकडा मध्ये ठळक बसवलेला असतो. मुलगा म्हणतो, "आई, तुझ्या गाण्यांत म्युझिकच संपत नाही, माणूस कधी गाणार?" यावर चिडायचं ठरवलं होतं, तेवढ्यात आजोळची तबकडी आठवली. ७८ आरपीएमच्या एका बाजूला मोजून तीन-साडेतीन मिनिटं मावायची. ना. घ. देशपांड्यांची 'रानारानात गेली बाई शीळ' ही कविता जी. एन. जोशींनी १९३०च्या दशकात तेवढ्यातच बसवली, आणि भावगीताचा सगळा संसार तिथून मांडला गेला असं आपण मानतो. तेव्हा लाखेने कात्री लावली, आता आकड्याने लावलीय. फरक एवढाच, की तबकडी शेवटून कापायची आणि हे सुरुवातीपासून कापतात. सुरुवात कापलेली मला अजून खुपते. गाण्यात शिरण्याआधी उंबऱ्यावर जरा थांबायला मिळावं, असं वाटणारी आमची बहुधा शेवटची पिढी.

५. 'गुलाबी साडी'ला मी नापास केलं आणि नोएडातल्या एका लग्नाने माझा निकाल फिरवला. मुलीकडचे अरोरा, मुलाकडचे सक्सेना, मराठी असे आम्ही दोघंच, तेही ऑफिसच्या नात्याने. रात्री साडेअकराला डीजेने हे गाणं लावलं आणि मुलीच्या मावशा खुर्च्या सारून उठल्या. एकीनेही विचारलं नाही की हे कुठल्या भाषेत आहे. हातवारे सगळ्यांचे पाठ. मी मात्र प्लेटमधली दहीभल्ली धरून उभी, मनात अभिमान आणि थोडी असूया, 'अहो, हे आमचं आहे' असं सांगायची खुमखुमी. कुणाला सांगणार? ऐकायला कोण मोकळं होतं? त्या गर्दीत पहिल्यांदा चाल नीट ऐकू आली. फार वर जात नाही, फार खाली येत नाही. ज्याला गाता येत नाही त्यालाही दमसास लागत नाही. जळगावकडच्या तांड्यातून आलेला हा मुलगा स्वतः लिहितो, स्वतः चाल लावतो, स्वतः गातो. वर्षभर आधीच्या 'नऊवारी'तही साडीच होती; तेव्हा मी गाणं अर्ध्यात सोडलं होतं. आता वाटतं, साडीवर दोन गाणी चालवून दाखवणं हे काही सोपं काम नाही.

आणि एक. 'झिंगाट' २०१६ मध्ये दिल्लीच्या डीजेपर्यंत पोचलं त्यामागे 'सैराट'सारखा सिनेमा होता, दोन वर्षांनी 'धडक'मधून त्याचा हिंदी अवतारही आला. या गाण्यामागे सिनेमा नाही, हिंदी अवतारही लागला नाही. साडी नेसून ते एकटंच आलं.

६. त्याच संजूचं 'शेकी' (२०२५) मला कमी आवडतं, आणि हे घरात बोलायची चोरी आहे. ध्वनी चकचकीत झालाय, ईशा मालवीय हिंदी मालिकांमधली ओळखीची, व्हिडिओ महागडा. पण 'गुलाबी साडी'त एक खानदेशी भाबडेपणा होता. पोरगी फोटो काढ म्हणते आणि पोरगा खरंच काढायला धावेल असं वाटायचं. 'शेकी'तला पोरगा कॅमेऱ्याकडे बघून गातो. मुलाचं म्हणणं, "आई, तुला गरीब दिसणारी गाणी आवडतात." बोचलं. विचार करतेय.

७. आमच्या कंपनीची बस कधी कधी नोएडामार्गे जाते. टी-सिरीजचं मुख्य कार्यालय याच शहरात. दरियागंजमध्ये ज्यूसचं दुकान चालवणाऱ्या गुलशन कुमारांनी उभं केलेलं हे दुकान. २०२४च्या जूनमध्ये मिस्टरबीस्टने मागे टाकेपर्यंत यूट्यूबवर सर्वाधिक सबस्क्रायबर त्यांचेच होते. देशभर वाजणारं इतकं काही या शहरातून निघतं आणि रस्त्यावर ऐकू येतो फक्त ई-रिक्षाचा हॉर्न.

८. शब्दाला अर्थ नसला तरी चालतो, हे मराठीतच सिद्ध होईल असं वाटलं नव्हतं. क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचं 'तांबडी चामडी' ऐकताना माझी लाल शाई संपली. हाउस संगीताचा न थकणारा सरळ ठोका, आणि त्यावर मराठी अक्षरं ढोलाच्या काठीसारखी पडतात. 'ड', 'ब', 'च' हे वर्ण इतके कमालीचे वाजू शकतात हे भाषाशुद्धीवाल्यांच्या कधी लक्षात आलंय का, कोण जाणे. मार्टिन गॅरिक्सचं 'ॲनिमल्स' काढणाऱ्या नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने २०२४ मध्ये हे गाणं काढलं. त्याच्या कर्त्याने या प्रकाराला 'एम-हाउस' असं नाव दिलंय. नाव असू द्या, गाणं ऐका. माझ्यापुरतं सांगायचं तर या गाण्यात मी मराठी असूनही परप्रांतीयासारखी नाचले, म्हणजे अर्थाची चौकशी न करता. पहिल्या मुद्द्याला यामुळे भोक पडतं, हे दिसतंय मला.

९. दिल्लीकर गायकांबद्दल दिल्लीत राहून वाईट बोलू नये, पण थोडं बोलते. किंगचं 'मान मेरी जान' (२०२२) गोड आहे, निक जोनस पुढच्या वर्षी त्यात येऊन गायला तरी तितकंच गोड राहिलं. तिसऱ्यांदा ऐकलं की चहात साखर जास्त पडल्यासारखं होतं. प्रतीक कुहाडच्या 'कोल्ड/मेस'ची ओबामांनी २०१९च्या आवडत्या गाण्यांत गणना केली. ओबामांना दिल्लीचा जानेवारी रोज काढायचा नसतो. मला त्या धुक्यात आणखी उसासे नको असतात. सीधे मौत हे मात्र वेगळं प्रकरण. दोन पोरं, सेझ ऑन द बीटबरोबरचा 'नयाब' (२०२२), आणि असली दिल्लीची हिंदी, की मी इतकी वर्षं इथे राहून अर्धीच पकडते. उरलेल्याचा अर्थ मुलाला विचारला तर तो खिडकीबाहेर बघतो. त्यावरून अंदाज येतो. पण शब्द किती वेगात पडतात आणि श्वास कुठे घेतात हे ऐकत राहावंसं वाटतं. हार्मोनियमच्या क्लासमध्ये तान चुकली की सर असंच म्हणायचे, श्वास कुठे घेतलास ते सांग आधी.

१०. पोरांच्या फोनमध्ये मराठी कुठून येतं याचा आपल्याला पत्ता नसतो. २०२५ च्या फेब्रुवारीत तालकटोरा स्टेडियमवर अठ्ठ्याण्णवावं साहित्य संमेलन भरलं, मुलाला ओढून नेलं. ग्रंथदिंडीत तो शेजाऱ्याच्या फेट्याचे फोटो काढत होता. बाबूजींची गाणी मी त्याला लहानपणापासून ऐकवलीत. त्यातली एकही ओळ त्याला येत नाही. संजू राठोडचं अख्खं गाणं येतं, अंतऱ्यासकट, आणि 'च' कुठे दंत्य, कुठे तालव्य तेही बरोबर. पाचव्या इयत्तेत मी त्याच्यापुढे बाराखडी धरून जे साधलं नाही ते.

११. सोसायटीच्या गणपतीच्या गाण्यांची यादी यंदा माझ्या गळ्यात पडलीय. आरत्या ठरलेल्या, 'झिंगाट' ठरलेलं. 'तांबडी चामडी' मी न विचारताच घातलं. 'गुलाबी साडी'ला अध्यक्ष पंत हो म्हणाले, कारण त्यांच्या मिसेसनी रील केलंय. आता वाद 'शेकी'वर अडलाय. मुलगा आणि त्याची टोळी ते विसर्जनाच्या ट्रॉलीवर हवंच म्हणते, मी बाप्पासमोर नको म्हणतेय, आणि खजिनदार अहलावत काका हरियाणवीचीही एक जागा ठेवा म्हणून रोज मेसेज पाठवतात. त्यांना '५२ गज का दामन' द्यायला माझी हरकत नाही. फक्त ट्रॉलीवर वूफर चांगला हवा. झज्जरवाल्याला विचारलंय, त्याच्या मेहुण्याचं साउंडचं काम आहे.