इन्सुलिन घेणारा मनुष्य व दारू

आज आम्ही जो विषय आपणापुढे मांडीत आहो, तो गावातील थोड्याच घरांचा आहे. परंतु ज्या घरचा आहे, त्यास तो जीवनमरणाचा आहे. दारू सर्वांसच अपायकारक आहे, हे आपण पुष्कळदा ऐकिले आहे. तथापि पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या मनुष्यास तिचा एक निराळाच धोका आहे, आणि तो शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत असूनही ओळखू येत नाही.

प्रथम हा आजार कोणता ते पाहू. उतारवयात पुष्कळांस होणारा जो मधुमेह, तो हा नव्हे. हा बहुधा बालपणी किंवा तरुणपणी जडतो. शरीराची संरक्षक शक्तीच इन्सुलिन उत्पन्न करणाऱ्या पेशींचा नाश करिते, आणि इन्सुलिनवाचून रक्तातील साखर शरीराच्या उपयोगी पडत नाही. टोरांटो येथे १९२१ साली बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिन मिळविले, व १९२२ च्या जानेवारीत ते प्रथम एका रोगी मुलास दिले गेले. त्यापूर्वी अशी मुले लवकरच दगावत. आज ती रोज सुई घेऊन वाढतात, शिकतात व संसार करितात.

आता दारू काय करिते? आपले यकृत हे घरातील कणगीसारखे आहे. पोट रिकामे असता ते साठविलेली साखर रक्तात सोडते, व साठा सरला म्हणजे नवी तयार करिते. दारू पोटात गेली म्हणजे हे नवी साखर करण्याचे काम अडते. निरोगी मनुष्याचे शरीर अशा वेळी आपले इन्सुलिन आपणच कमी करिते. परंतु सुईने टोचलेले इन्सुलिन परत घेता येत नाही. ते साखर उतरवीतच राहते. हा प्रकार पिताक्षणीच होतो असे नाही. मध्यरात्री, पहाटे, किंवा दुसऱ्या दिवशीही होऊ शकतो.

आपल्या धाराशिव जिल्ह्यातील भूम, वाशी, कळंब ह्या बाजूंची पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. दिवसभर मोळ्या वाहिल्या म्हणजे त्या मेहनतीनेही साखर उतरते, व तो परिणाम रात्रभर राहू शकतो. सायंकाळी शीण घालविण्याकरिता कोणी बाटली पुढे करितो, भाकरी अर्धी राहते. मेहनत, रिकामे पोट व दारू ही तिन्ही अशी एकाच रात्री एकत्र होतात. शिंदी गोड लागते म्हणून ती साखर सांभाळील, असेही कोणी समजू नये.

साखर फार उतरली म्हणजे घाम सुटतो, जीभ अडखळते, तोल जातो, मनुष्य भलतेच बोलतो व अखेरीस निपचित पडतो. ही बहुतेक लक्षणे नशेचीच दिसतात, आणि तोंडास वास तर असतोच. लोक म्हणतात, "पिऊन पडला आहे, निजू द्या, सकाळी उतरेल." वाचकहो, इन्सुलिन घेणाऱ्याच्या बाबतीत हेच वाक्य जीव घेते.

म्हणून काय करावे? साखर मोजण्याचे यंत्र जवळ असल्यास तत्काळ मोजावी. ७० च्या खाली असेल तर ती उतरली आहे असे जाणावे. यंत्र नसेल तर वाट पाहू नये. मनुष्य शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर ३ लहान चमचे साखर पाण्यात कालवून द्यावी. १५ मिनिटांत सुधारणा न झाल्यास पुन्हा द्यावी, व मग भाकरी खाऊ घालावी. बेशुद्ध असल्यास तोंडात काहीच घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाईल. त्यास कुशीवर निजवून १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी, आणि हा इन्सुलिन घेतो हे प्रथम सांगावे. ग्लुकागॉनची सुई घरी असली तरी तिच्यावर विसंबू नये. ती यकृतातील साठाच बाहेर काढिते, आणि दारूनंतर तो अपुरा असू शकतो.

दुसरा धोका उलट बाजूचा आहे. धुंदीत सुई राहून जाते, ओकाऱ्या होतात, आणि इन्सुलिनच्या अभावी रक्तात आम्ल वाढते. पोटात दुखणे, धाप लागणे व ओकारी न थांबणे ही त्याची चिन्हे होत. अशा वेळी विनाविलंब रुग्णालय गाठावे. जेवण गेले नाही म्हणून आपल्या मनाने इन्सुलिन अगदी बंद करू नये.

न पिणे हेच सर्वांत सुरक्षित, असे आमचे मत आहे. तथापि जो पितो त्याचाही जीव अमोल आहे. त्यास हिणविले तर तो दारू लपवील, सुईही लपवील, आणि एका रात्री कोपीत एकटाच पडून राहील. त्यापेक्षा त्याने उपाशीपोटी पिऊ नये, निजण्यापूर्वी साखर मोजावी व खावे, आणि रात्री कोणीतरी जवळ असावे, हे त्यास प्रेमाने सांगावे.

आता प्रत्येक घरात व टोळीत हे प्रश्न विचारावेत: आपल्यात सुई कोण घेतो? ते मुकादमास व सोबत्यांस ठाऊक आहे काय? साखरेची पुडी कोठे ठेविली आहे, हे अंधारातही सापडेल काय?